ऊसतोडीच्या उचलीवर पीएचडी करतोय, संशोधनासाठी पैसे कुठून उभे करायचे?

बालाघाट | ९ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

अर्थशास्त्रात पीएचडीची नोंदणी होऊन चौदा महिने झाले. संशोधन केंद्र मराठवाड्यातलं. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झालीय, पण तिच्याच गुणांवर मिळणारी संशोधनवृत्ती, जेआरएफ, थोडक्यात हुकली. आता वय ३६, म्हणजे पाच वर्षांची सवलत धरूनही तो दरवाजा बंद. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो. वर्षातले आठेक महिने काम, आणि मानधन कधी दिवाळीला तर कधी शिमग्याला. घरी चार एकर कोरडवाहू. आईवडिलांनी अकरा हंगाम कोयता केला, म्हणजे ऊसतोड, त्यातले चार मी पाचटाच्या कोपीत, उसाच्या पाल्याच्या झोपडीत काढले. विषय तिथूनच आला.

शीर्षक असं आहे: 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांना मिळणाऱ्या उचलीचा त्यांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्याला, आगाऊ रक्कम देतो, मुकादम ती जोडप्यांना वाटतो. ही उचल. नवराबायको मिळून एक कोयता. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर.

३८४ कोयत्यांची प्रश्नावली भरून घ्यायचं ठरवलंय. खर्चाचा अंदाज १,८६,००० रुपये. तीन अन्वेषक, साठ दिवस, रोज ५०० प्रमाणे ९०,०००. प्रवास ४५,०००. छपाई ६,०००. डेटा एंट्री २०,०००. टंकलेखन आणि बांधणी २५,०००.

एवढे पैसे मिळतात का, कुठे मागायचे, आणि मागताना काय लिहायचं? मार्गदर्शक चांगले आहेत, पण त्यांचं म्हणणं 'आधी काम सुरू कर, पैशाचं बघू'. पैशाचं मलाच बघायचंय ना.

---

चार_आण्याची_कोंबडी | ९ जून, रात्री ११:२५

तुझ्या विषयाला माझं टोपणनाव चपखल बसतंय. चार आण्याच्या पीएचडीला बारा आण्याचा मसाला!

आधी एक प्रश्न विचारते, राग मानू नकोस. तू कुठल्या प्रवर्गात बसतोस? राज्यात वाटा त्यावरून फुटतात. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. तिघींच्या पीएचडी अधिछात्रवृत्त्या आहेत. केंद्राच्याही अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी स्वतंत्र फेलोशिप आहेत, पण त्या बहुतेक नेटच्या निकालाशी बांधलेल्या.

प्रवर्गाची अट नसलेली म्हणजे दिल्लीच्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, आपण आयसीएसएसआर म्हणतो ती डॉक्टरल फेलोशिप. महिना २०,००० आणि वर्षाला २०,००० कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाला, दोन वर्षं. वयाची मर्यादा ४०. पीएचडीची नोंदणी पक्की हवी आणि पूर्णवेळ हवी. म्हणजे तासिका सोडाव्या लागतील, हे आत्ताच घरी बोलून ठेव.

आणि दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत. अर्ज दोन्हीकडे कर, घेताना एकच.

---

बालाघाट | ९ जून, रात्री ११:४८

ताई, राग कसला. एनटी-ड, भटक्या जमातींतला ड गट. म्हणजे महाज्योती. पण तिची जाहिरात कधी येईल आणि किती जागांची असेल याच्या भरवशावर बसवत नाही.

२०,००० गुणिले २४ म्हणजे ४,८०,००० आणि वर ४०,०००. एकूण ५,२०,०००. जेआरएफवाल्याला २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, पुढे ४२,०००. तुलना करू नये म्हणतात, पण होते.

---

गोदाकाठचा_मास्तर | १० जून, सकाळी ६:१०

मी निवृत्त प्राध्यापक. अशा अर्जांच्या छाननीला काही वर्षं बसलो आहे, कुठे ते सोडून द्या. तुम्ही पैशाबद्दल विचारलंत, पण अर्ज पैशावर अडत नाही, पहिल्या पानावर अडतो.

छाननीला गठ्ठा मोठा आणि दिवस एक. तुमच्या अर्जाला दहा-बारा मिनिटं मिळतात. त्यात समोर येतं 'सामाजिक व आर्थिक स्थितीवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास'. त्या दिवशी असे चाळीस चिकित्सक अभ्यास असतात. दूध उत्पादकांचा, बचत गटांचा, विडी कामगारांचा. जिल्हा बदलला की प्रबंध बदलला! उद्दिष्टं ठरलेली: सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास करणे, समस्यांचा शोध घेणे, उपाय सुचवणे. गृहीतक ठरलेलं: अमुक आणि तमुक यांत लक्षणीय संबंध नाही. वाचणाऱ्याला कळत नाही, की या माणसाला नेमकं काय खुपतंय.

तुमच्या धाग्यात मला एक वाक्य जिवंत वाटलं, कोपीतल्या चार हंगामांचं. त्या चार हंगामांत तुम्हाला न सुटलेलं कोडं काय होतं? ते एका वाक्यात लिहा, मग पैशाचं बोलू.

जाता जाता. गाडगीळांचं, म्हणजे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं नाव तुम्ही पुण्याच्या गोखले संस्थेमुळे ऐकलं असेल. १९६९ साली ही आयसीएसएसआर परिषद निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचेही पहिले अध्यक्ष तेच. परिषदेचे पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईकही आपल्याकडचेच. ज्या माणसाने सहकारी साखरेचा पाया घातला, त्याच माणसाने बसवलेल्या संस्थेकडे तुम्ही त्या साखरेच्या तळाशी असलेल्या माणसासाठी पैसे मागताय. अर्जात हे लिहू नका. पण मला मौज वाटली.

---

बालाघाट | १० जून, दुपारी १:३०

सर, तासाभरापासून लिहितोय आणि खोडतोय.

कोडं असं आहे. तोडणीचा दर राज्यभर करारानं ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांचा साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्या बोलण्यांत ३४ टक्के वाढ ठरली, ती सगळ्यांना सारखीच. उचलीवर व्याज आहे असं तोंडानं कुणीच म्हणत नाही. पण माझी आई म्हणायची, 'जास्त उचल घेतली त्या वर्षी हातात कमीच आलं.' दर तोच, टन जवळपास तेवढेच, व्याज नाही, मग कमी कसं आलं? हे मला आजही कळलेलं नाही.

---

गोदाकाठचा_मास्तर | १० जून, दुपारी २:०५

झालं की मग! हाच तुमचा प्रबंध. चिकित्सक अभ्यास पुसून टाका.

पुस्तकी भाषेत याला जोडबाजार म्हणतात. कर्ज आणि मजुरी हे दोन बाजार एकाच करारात बांधले, की व्याज कर्जाच्या कलमात दिसायचं थांबतं आणि मजुरीत शिरतं. कृष्णा भारद्वाज, प्रणव बर्धन यांनी याच्यावर मांडणी केली आहे, ती मुळातून वाचा. पण त्यांच्या मांडणीत मालक मजुरी कमी देऊन व्याज वसूल करू शकतो. तुमच्याकडे दर तर करारानं बांधलेला. मग व्याज लपायला जागा कुठे उरते? वजनात? कपातीत? कामाच्या तासांत? तुमची खरी भर इथे आहे.

---

केजकर | १० जून, रात्री ९:१५

मी मुकादमाचा पोरगा. आता पुण्यात कंपनीत आहे, पण वडील अजून दोन टोळ्या नेतात. सरांनी विचारलं कुठे लपतं, मी सांगतो.

खाडा. एक दिवस कामावर नाही आला तर दंड, आणि तो दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त असू शकतो. उचल जितकी मोठी तितका खाडा कडक, कारण पैसे अडकलेत. दुसरं, हंगामाच्या मध्ये किराणा आणि दवाखान्याला दिलेले पैसे. ते वहीत उचलीतच चढतात. तिसरं, कमी उचल घेतलेला गडी मार्चमध्ये गावाला निघतो, मोठ्या उचलीवाल्याला कारखान्याचा बॉयलर बंद होईपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत थांबावं लागतं. उन्हात वाळलेल्या उसाला वजन भरत नाही. त्याच घामाला टन कमी. हे कुठल्या कागदावर येत नाही.

पण एक सांगतो, सगळं खापर मुकादमावर फोडून मोकळा होऊ नकोस. माझ्या बापानं वाहतूकदाराला कोरे धनादेश सही करून दिलेत. दोन कोयते उचल घेऊन दुसऱ्याच टोळीत गेले त्या वर्षी आमचं एक एकर गेलं. बुडीत उचलीचा हिशेब तुझ्या प्रश्नावलीत नसेल तर तुझं व्याजाचं गणित चुकणार.

आणि डोकी सेंटर, गाडी सेंटर, टायर सेंटर हे टोळ्यांचे प्रकार वेगवेगळे लिही. टायरवाला ऊस तोडतो आणि बैलगाडीनं कारखान्यावर पोचवतोही. त्याचा हिशेब सगळा निराळा.

---

रानजाई | १० जून, रात्री ९:५०

@केजकर, कोऱ्या धनादेशाचं दुःख समजलं. पण खाड्याच्या भीतीनं पाळीच नको म्हणून गर्भाशयं काढलेल्या बायका याच जिल्ह्यातल्या. २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. 'दोन्ही बाजू' म्हणताना दोन्ही पारडी सारखी नसतात.

बालाघाट, प्रश्नावली कोयत्याची म्हणतोस, म्हणजे उत्तरं नवराच देणार. उचल कुणाच्या हातात पडते आणि खाडा कुणाच्या अंगावर पडतो हे वेगळं विचार. बाईशी बोलायला बाई अन्वेषक लागेल. तो खर्च तुझ्या यादीत कुठे आहे?

---

केजकर | १० जून, रात्री १०:०२

ताई, नाही म्हणालोच नाही. बाई अन्वेषक हवीच.

---

विनू_संख्यावाला | ११ जून, सकाळी ११:२०

आता माझं दुखणं. ३८४!

मराठवाडा-विदर्भातल्या निम्म्या प्रबंधांत नमुना ३८४ असतो, आणि का म्हणून विचारलं तर 'सूत्रानं आला'. ते सूत्र टक्केवारी मोजण्याचं आहे: ९५ टक्के विश्वास, ५ टक्के चूक, प्रमाण निम्मं धरलेलं. शिवाय माणसं सुटी सुटी निवडली असं गृहीत धरलेलं. तू टक्केवारी मोजत नाहीयेस, उचल आणि हातात आलेली कमाई यांचा संबंध मोजतोयस. आणि तुझी माणसं सुटी नाहीत, टोळीत बांधलेली आहेत. एका टोळीचा मुकादम एक, तोडणीचा फड एक, खाड्याचा नियम एक. दहा कोयते विचारलेस तरी नवी माहिती दहाजणांची मिळत नाही.

गणित बघ. टोळीतल्या कोयत्यांचं आपसातलं साम्य समजा ०.२ धरलं. एका टोळीतून दहा कोयते घेतलेस तर पहिला पूर्ण धरायचा आणि उरलेल्या नऊंना साम्यानं गुणायचं: १ + ९ × ०.२ = २.८. म्हणजे ४० टोळ्यांतले ४०० कोयते हे प्रत्यक्षात ४०० भागिले २.८, साधारण १४३ सुट्या कोयत्यांइतकेच. तेच ८० टोळ्यांतून पाच-पाच घेतलेस तर १ + ४ × ०.२ = १.८, आणि ४०० चे २२२ होतात. प्रश्नावल्या तेवढ्याच भरल्या, माहिती दीडपटीहून जास्त.

फरक पडतो प्रवासात. टोळ्या दुप्पट म्हणजे मुकादम दुप्पट, गावं जास्त. म्हणून अर्जात 'प्रवास ४५,०००' असा आकडा नुसता टाकू नकोस. ८० टोळ्या का, हे वरच्या दोन ओळींत सांग आणि प्रवासाचा आकडा त्याला बांध. मग तो आकडा कुणी कापायला गेलं, तर त्याला नमुनाही कापावा लागेल.

---

बालाघाट | ११ जून, दुपारी १२:४०

विनूदादा, हे मला एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ते ०.२ मात्र कुठून आणायचं? माझ्या गावातल्या दोन टोळ्यांचा प्रायोगिक अभ्यास करून काढू का?

---

विनू_संख्यावाला | ११ जून, दुपारी १२:५५

दोन टोळ्यांतून ते निघत नाही रे. निदान आठ-दहा टोळ्या लागतील, आणि तरी ढोबळच येईल. दोन टोळ्यांत प्रश्न कळतात का, लोक कुठे अडखळतात, एका मुलाखतीला किती वेळ जातो, एवढं बघ. दिवसाला किती मुलाखती होतात यावरच अन्वेषकांचं मानधन ठरणार. अर्जात ०.१ आणि ०.३ धरून काय होतं तेही एका ओळीत टाक, म्हणजे तू डोळे झाकून आकडा धरला नाहीस हे दिसेल.

---

हिशेबनीस | ११ जून, रात्री ८:३०

मी एका कॉलेजात लेखा विभागात आहे. संशोधकांच्या फायली माझ्याच टेबलावर येऊन अडतात आणि शिव्याही मलाच बसतात. दोन गोष्टी सांगतो.

फेलोशिपचा पैसा बहुतेक वेळा संस्थेमार्फत येतो आणि पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याच्या विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याच्या दाखल्यावर सुटतो. नमुना केंद्राच्या वित्तीय नियमांतला, जीएफआर १२-अ. त्यावर संस्थाप्रमुख आणि लेखा अधिकारी दोघांच्या सह्या लागतात. मार्चअखेरीस माझ्याकडे येऊ नकोस, फेब्रुवारीत ये.

दुसरं, फडात पावती मिळत नाही. टमटमवाला बिल देत नाही. म्हणून रोजची प्रवासवही ठेव: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, रक्कम, सही. अन्वेषकांना रोख देऊ नकोस, खात्यावर पाठव. पाच हजारांवर रोख दिलीस तर पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लाव. लॅपटॉप, मोबाइल कंटिन्जन्सीतून घ्यायचा विचार असेल तर आधी लेखी विचार. माझ्यासमोर एकानं टॅबचं बिल लावलं होतं, वर्षभर फाईल फिरत होती.

---

चार_आण्याची_कोंबडी | ११ जून, रात्री ९:१०

हिशेबनीस काका, तुमच्यासारखे आमच्या संस्थेत असते तर! माझी फेलोशिप (कुठली ते सांगत नाही) मंजूर झाल्याचं पत्र आलं ऑगस्टमध्ये आणि पहिला रुपया हातात पडला पुढच्या जुलैत. अकरा महिने. तीन महिने तर नुसतं एक पत्र आमच्याच कार्यालयातल्या कपाटात पडून होतं, कारण ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांची बदली झाली. मी तोवर शेतावरच्या मुलाखती आटोपल्या होत्या, नणंदेकडून घेतलेल्या पैशांवर.

म्हणून बालाघाट, तुझ्या कामाला हंगामाचं घड्याळ आहे, मंजुरीला नाही. कोयते दसरा-दिवाळीला निघणार. मंजुरी जानेवारीत आली तर गावात कुलपं. पहिल्या फेरीचा खर्च वेगळा काढून ठेव आणि तेवढा तरी स्वतःच्या हातात असू दे.

---

बालाघाट | ११ जून, रात्री ९:३०

म्हणजे मीही आधी उचलच घ्यायची, आणि फेलोशिप आली की फेडायची :)

---

केजकर | ११ जून, रात्री ९:३३

मुकादम मी होतो. खाडा धरीन.

---

साता_समुद्रापार | १२ जून, पहाटे ३:२०

अमेरिकेत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, मूळ गाव बार्शी. इथली पैशाची दारं वेगळी. प्रबंधाच्या क्षेत्रकामासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनचं छोटं अनुदान असायचं, भारतात येऊन काम करायचं असेल तर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजची कनिष्ठ फेलोशिप आहे. पण ती इथल्या विद्यापीठातल्या मुलांसाठी. भारतात नोंदणी असलेल्याला फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल आहे, सहा ते नऊ महिने, पण ती अमेरिकेत येण्यासाठी. तुझा फड बीडला, तू इथे येऊन काय करशील? विश्लेषणाच्या टप्प्यावर विचार कर, आत्ता नको.

एक मात्र इथून घेण्यासारखं आहे. माझ्या मार्गदर्शकांनी अर्जावर एकच शेरा मारला होता: 'काय सापडलं तर तू चुकलास असं मान्य करशील?' तुझ्या बाबतीत, मोठी उचल घेणाऱ्यांच्या हातातही टनामागे तेवढीच रक्कम आली तर तुझ्या आईचं निरीक्षण सर्वसाधारण नाही असं तू लिहिणार का? हे अर्जातच लिहून टाक.

आणि छापील प्रश्नावल्या कशाला? कोबो टूलबॉक्स घे, फुकट आहे, मोबाइलवर मराठीत चालतं, नेटवर्क नसलं तरी भरता येतं. छपाई आणि डेटा एंट्री मिळून तुझे २६,००० वाचले.

---

गोदाकाठचा_मास्तर | १२ जून, सकाळी ६:४०

बार्शीकरांचा शेवटून दुसरा परिच्छेद लाख मोलाचा.

अर्जातला एक प्रश्न हमखास येतो, त्याची तयारी करा. 'राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी फुकट उपलब्ध आहे, मग प्राथमिक पाहणीवर पैसा का घालवायचा?' प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्याकडेच आहे. कर्ज आणि गुंतवणुकीच्या ७७व्या फेरीत ३० जून २०१८ या तारखेला कुटुंबावर किती कर्ज होतं ते विचारलं. बीडमध्ये जूनअखेर म्हणजे काय? गेल्या हंगामाचा हिशेब मिटलेला आणि पुढची उचल नुकती कुठे सुरू होतेय. शिवाय उचल हे कर्ज आहे की आगाऊ मजुरी, हे सांगणाराही सांगेल तसं. त्या तारखेला आकडा किमान असणार. हा एक परिच्छेद नीट लिहिलात तर परीक्षक मान डोलावेल.

पूर्वसाहित्यात पन्नास नावांची जंत्री नको. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी गुजरातेत बारडोलीकडे जाणाऱ्या खानदेशी तोडकऱ्यांवर सत्तरच्या दशकात काम केलं, ते घ्या. तिथल्या करारात आणि बीडच्या आजच्या करारात काय बदललं ते सांगा. सोलापुरातल्या शिरापूर आणि कळमण या गावांत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेनं १९७५ पासून कुटुंबांचा पाठपुरावा केला आहे. त्यात तोडणीला जाणारी घरं किती सापडतात ते चाळून बघा. काहीच न निघालं तरी तुम्ही पाहिलंत हे महत्त्वाचं.

अर्ज इंग्रजीतच लिहा. मराठीत लिहून भाषांतर करू नका, दगडासारखं होतं. उचल, कोयता, खाडा हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा आले की अर्थ सांगा. त्यांना पर्याय शोधलात तर अर्थच सांडेल.

---

रानजाई | १२ जून, सकाळी ९:१५

एक राहिलं. उचलीबद्दल खरं बोललेल्या माणसाचं नाव मुकादमाच्या कानावर गेलं तर पुढच्या वर्षी त्याला टोळी मिळणार नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा विषय कुणी काढला तर अजूनच अवघड. विद्यापीठात संशोधन नैतिकतेची समिती असेल तर तिची मंजुरी आत्ताच माग. नावांच्या जागी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची वही वेगळ्या जागी कुलपात. मुलाखत अड्ड्यावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर नको.

---

केजकर | १२ जून, सकाळी ९:४०

+१. अड्ड्यावर मुकादम शेजारी उभा राहून 'सांग की, किती घेतली' म्हणतो. माणूस काय सांगणार? परत आल्यावर मे-जूनमध्ये घरी गाठ. हिशेब ताजा असतो आणि राग पण.

---

बालाघाट | १९ जून, रात्री ११:०५

आठवडाभर गायब होतो, माफी असावी. मार्गदर्शकांसोबत बसलो. शीर्षक बदललं: 'ठरलेल्या दरातले न ठरलेले व्याज : बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीची उचल आणि प्रत्यक्ष मजुरी'. सर आधी म्हणाले 'एक अभ्यास' तरी शेवटी घाल. नाही घातलं.

नवीन आराखडा: ८० टोळ्या, प्रत्येकी पाच कोयते, दोन फेऱ्या. पहिली भाद्रपद-आश्विनात, निघायच्या आधी. दुसरी मे-जूनमध्ये. अन्वेषक दोन, त्यातली एक बाई. धारूरच्या एका टोळीत करून पाहिलं, एकेकाकडून दिवसाला चार मुलाखती होतात, नवराबायकोशी वेगवेगळं बोलून. म्हणजे एका फेरीला ५० दिवस. दोन फेऱ्यांचे मानधन १,००,०००. प्रवास ३८,०००. टंकलेखन, बांधणी १४,०००. एकूण १,५२,०००. वीस मुकादमांच्या मुलाखती मी स्वतः घेणार, बुडीत उचलीसकट.

कंटिन्जन्सीचे ४०,००० वजा केले तर १,१२,००० उरतात, म्हणजे दोन वर्षं महिन्याला साधारण ४,६७० फेलोशिपमधून बाजूला काढायचे. जमेल. पहिल्या फेरीचे ६९,००० मात्र मंजुरीची वाट न बघता लागणार. बायकोनं बचत गटातून ३०,००० चं ठरवलंय, उरलेल्यासाठी पतसंस्था. तासिका या सत्रात ठेवतो, मंजुरी आली की सोडीन.

महाज्योतीची जाहिरात आली तर तिथेही भरणार.

@केजकर, एकच अडलंय. ८० टोळ्या निवडायच्या तर मुकादमांची यादी पाहिजे. कुठे मिळेल?

---

केजकर | १९ जून, रात्री ११:३०

पूर्ण यादी कुणाकडेच नाही. कारखान्याच्या शेतकी खात्यात तोडणी-वाहतुकीचे करार असतात, पण ते वाहतूकदाराच्या नावावर. एका वाहतूकदाराखाली चार मुकादम. ती यादी देतीलच असं नाही.

गावाकडून धर. तालुक्यातली गावं चिठ्ठी टाकून निवड, मग त्या गावात दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारून सगळे मुकादम लिहून काढ. गावात लपत नाही कोण मुकादम ते, ज्याच्या दारात ट्रॅक्टर येतो तोच.

---

विनू_संख्यावाला | १९ जून, रात्री ११:५२

हे चालेल. फक्त त्या गावात एकूण किती मुकादम निघाले तो आकडा दरवेळी लिहून ठेव, विश्लेषणात कुठल्या टोळीला किती वजन द्यायचं, तो भार काढायला लागेल.

---

केजकर | २० जून, सकाळी ७:०५

आणि पोळ्याच्या आधी ये. वडिलांशी बोललोय, ते वही दाखवतो म्हणालेत, फोटो काढू देणार नाहीत. पोळा झाला की ते माणसं गोळा करायला फिरतात, मग घरी सापडायचे नाहीत.